पंचमीची परात

पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात मोठ्यानं बोललेलं आईला चालत नसे. चुलीवर गुळाचा पाक असायचा आणि पाक झाला की नाही हे ती कानानं ठरवायची. वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, त्याची गोळी झाली की ती उचलून कोरड्या ताटलीत टाकायची. बद्द आवाज आला तर पाक कच्चा. टण्ण वाजली की कढई उतरवायची आणि तीही झटक्यात, कारण आणखी एखादी उकळी आली तर गूळ करपणार आणि सणाच्या दिवशी तोंड कडू होणार. तेवढ्या वेळात आप्पांनी खोकायचं नाही, अण्णानं बैलांना हाका मारायच्या नाहीत आणि मी परकराचा बोळा तोंडात धरून कोपऱ्यात बसायचं. शेजारची पारूमावशी नेमकी त्याच वेळी विरजण नाही तर मिठाचा खडा मागायला यायची आणि दारातच तोंडावर बोट ठेवून उभी राहायची. आईची गोळी वाजली की सगळ्यांच्या छातीतला वारा एकदम सुटायचा. आप्पा मग साठवून ठेवलेलं सगळं खोकून घ्यायचे.

आमचं घर बेळगावजवळच्या येळ्ळूरात, जिथं बायकाही 'येतो', 'जातो' असंच बोलतात. घरात आप्पा, आई, थोरला भाऊ अण्णा, त्याच्या पाठची आक्का आणि बऱ्याच वर्षांनी झालेली मी, चंपा. आप्पांची भाताची शेती होती, पोटापुरती आणि वर थोडी. पंचमीला आमच्या भागात घरोघर उंड्या, म्हणजे लाडू, वळतात. लाह्यांच्या, शेंगदाण्यांच्या, तिळाच्या. कानडी बोलणारं घर असो की मराठी बोलणारं, त्या दिवशी उंडी ती उंडी. आमच्या घरी मात्र वडी व्हायची. आई निपाणीकडची, तंबाखूच्या रानातली. तिच्या माहेरी लाह्यांचा पाक परातीत थापायची रीत होती आणि ती रीत तिनं येताना बरोबर आणली होती, परातीसकट. ती परात तिच्या वडिलांनी निपाणीच्या बाजारातून लग्नात घेऊन दिलेली. पितळेची, रुंद, जाड काठाची, आणि इतकी जड की मला ती दोन्ही हातांनी उचलायचीही पंचाईत. माहेरची म्हणावी अशी एवढीच वस्तू आईजवळ उरली होती. बाकीचं सगळं कुठं ना कुठं आटलं होतं.

लाह्या जोंधळ्याच्या. आई जोंधळ्यावर कढत पाणी ओतून, निथळून, रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी तापलेल्या कढईत मूठ मूठ टाकायची आणि कापडाच्या बोळ्यानं ढवळायची. आधी नुसती तडतड, मग कढईवर झाकण घातलं की आत जशी काही भांडणं लागायची. झाकण काढलं की पांढरंशुभ्र. चार लाह्या उडून चुलीमागं जायच्या, त्यांवर माझा हक्क. न फुटलेल्या दाण्यांना आमच्याकडं गणंग म्हणतात. आई ते चाळून काढायची आणि अण्णा सकाळी उशिरा उठला की त्यालाही त्याच नावानं हाक मारायची. मग पाक, पाकात लाह्या, डाळं, खोबऱ्याचे काप, सुंठ. तूप लावलेल्या परातीत सगळं ओतायचं आणि तांब्याच्या बुडानं दाबत दाबत सारखं करायचं. त्या वासाला आजही मी दुसरं नाव देऊ शकत नाही. तो पंचमीचाच वास.

परवा माझ्या नातीनं काहीतरी केलं. पाकिटातल्या कुरकुरीत तांदळाच्या लाह्यांसारखं ते काहीतरी, त्यात वितळलेलं चॉकलेट, आणि थापून फ्रिजमध्ये. मला म्हणाली, "आजी, हे नो-बेक आहे, भट्टी लागत नाही." मी म्हटलं, बाई, आमच्याकडं भट्टी होती कुठं? तिनं ते फ्रिजमधून काढलं आणि मधोमध मोडलं, कडकन, कुठलाही दिवस, कुठलीही वेळ, कुणाची वाट बघणं नाही. छान लागलं. पण तो कडकन आवाज झाला आणि मी हातातला तुकडा कितीतरी वेळ तसाच धरून बसले. तिला वाटलं, मला दातानं तुटत नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

वडी कापायचं काम आक्काचं. हे कधी ठरलं कोण जाणे, पण मला कळायला लागलं तेव्हापासून तेच होतं. पाक थापून झाला की तो कोमट असतानाच कापावा लागतो. फार गरम असताना सुरी चिकटते, गार झाला की दगड. आक्का सुरीला तूप लावायची, परातीसमोर मांडी घालून बसायची, एक डोळा बारीक करायची आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेघ मारायची. मग तिरकी. सगळ्या वड्या एकसारख्या, शंकरपाळ्यासारख्या. आप्पा म्हणायचे, "हिला शेताच्या बांधावर न्या रं, भाऊबंदकी मिटंल." काठाला उरलेले वेडेवाकडे तुकडे माझे. लग्न होऊन आक्का नदीपलीकडच्या कडोलीला गेली तरी हे काम तिचंच राहिलं. पंचमीला भावानं बहिणीला आणायला जायचं असतं, तसा अण्णा गाडी जुंपून जायचा, आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिला घेऊन यायचा, आणि आक्का पाय धुऊन आधी परातीपाशी बसायची, मग पाणी प्यायची.

दुसरं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंचमीला चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही, हे सगळ्यांकडंच असतं. नागाला इजा होते म्हणतात. म्हणून तर त्या दिवशी तवा पालथा असतो आणि पुरणाची दिंडं वाफवायची. पण बाकीच्या बायका या नियमाला थोडी ढील देत. पोरांनी काकडी मागितली तर बोटानं मोडून द्यायच्या. आई देत नसे. आदल्या दिवशी दिवा लागला की तिच्या लेखी पंचमी लागली. विळी, सुरी, विळा, कुऱ्हाड, सगळं माळ्यावर. वरवंटासुद्धा पाट्याखाली. कारण तिच्या लहानपणी एका पंचमीला तिच्या आईनं भाजी चिरली होती आणि त्याच पावसाळ्यात तिचा पाठचा भाऊ तंबाखूच्या रानात पान लागून गेला. पान लागलं म्हणजे साप चावला, त्याचं नावही घ्यायचं नाही. आई हे कधी सांगत बसली नाही. आम्हाला पारूमावशीकडून कळलं. त्यामुळं आमच्या घरात त्या नियमाला कुणी हसायचं नाही, अण्णासुद्धा नाही, आणि तो देवळातल्या गुरवालाही हसायचा.

त्या वर्षी पाऊस फार होता. आक्काच्या सासरी लावणी लांबली होती आणि सासूनं अण्णाला आधीच बजावलं, "पंचमी झाली की त्याच सांजंला सून घरात पायजे. दुसऱ्या दिशी लावणीच्या बायका ठरल्यात." म्हणजे आदल्या दुपारी यायचं आणि पंचमीच्या दुपारी परत. एवढंच माहेरपण. आईनं ते ऐकलं आणि त्या वर्षी लाह्या जास्त फोडल्या. शेंगदाण्याच्या उंड्या, तंबिटाचे, म्हणजे भाजल्या पिठाचे, लाडू, काही केलं नाही. गूळ, डाळं, खोबरं, होतं नव्हतं ते सगळं वडीत घातलं. परात काठोकाठ भरली. आक्काची बुट्टी नुसत्या वड्यांनी भरून द्यायची, कडोलीची सगळी गल्ली खाऊ दे, असं तिच्या मनात. पंचमीला माहेरून परत जाणाऱ्या लेकीबरोबर खाऊनं भरलेली बुट्टी द्यायची आणि सासरी ती गल्लीत वाटायची, अशी रीत. बुट्टी म्हणजे टोपली, पण बुट्टी किती भरली यावरून माहेर किती भरलंय ते गल्ली ठरवते.

दुपार झाली, गाडी आली नाही. पाक थापलेला. पारूमावशी येऊन बोटानं वडी दाबून बघून गेली, परत आली, परत दाबली.

"वैनी, काप की गं आता. दगूड हुईल त्येचा."

"येतीयाच की आक्का. तिच्याबिगर कवा कापलीया मी?"

"आगं, पण नदीला पाणी आसंल."

"आसूदे. अण्णा हाय न्हवं संगट."

आईनं परात चुलीजवळ सरकवली, उबेला. थोड्या वेळानं आणखी जवळ सरकवली. मला वेशीपर्यंत पाठवलं, मी जाऊन आले. पुन्हा पाठवलं. मला त्या फेऱ्यांचं काही वाटत नव्हतं कारण वेशीजवळच्या चिंचेला झोका बांधला होता आणि प्रत्येक फेरीला एक झोका मिळत होता. सुरीला तूप लावून ती परातीच्या काठावर ठेवलेली होती. आई मध्येच ती उचलायची, पदराला पुसायची, पुन्हा तूप लावायची. आज मला वाटतं, तेव्हा तिनं एक रेघ मारली असती तर! फक्त एक. पण आक्काला या घरात एका दिवसाचं माहेर मिळणार होतं आणि त्यातला तिच्या हातचा हा एकच सोहळा होता, तो आईला तिच्यापासून काढून घ्यायचा नव्हता. मायेनं केलेल्या चुकीला माणूस चूक म्हणतच नाही, म्हणून ती सुधारतही नाही.

दिवेलागण झाली. आईनं देवापाशी दिवा लावला, हात जोडले, आणि सुरी उचलून, अण्णा घरी नव्हता म्हणून, आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती माळ्यावर ठेवली.

मार्कंडेय नदीला पाणी चढलं होतं. अण्णा आणि आक्का पलीकडच्या काठाला ओळखीच्या घरी मुक्कामाला राहिले, पहाटे पाणी ओसरल्यावर गाडी घातली, आणि पोचले तेव्हा बायका वारुळाला दूध-लाह्या वाहून परत येत होत्या. आक्का गाडीतून उतरली ती ओल्या लुगड्यानिशी तशीच स्वयंपाकघरात गेली. परात बघून म्हणाली, "आई, कापली न्हाईस?"

"तुझ्यासाठी ठेवली."

आक्का हसली. मग खाली बसून तिनं बोटाच्या पेरानं वडीवर टकटक केलं. पाटावर वाजवावं तसं वाजलं. तिचं हसणं हळूहळू कमी झालं. आईनं वळून दिंडं उकडायला ठेवली.

तरी दुपार चांगली गेली, हे मी आवर्जून लिहिते. आक्कानं मला झोक्यावर घेतलं, तिच्या पायांत पाय अडकवून आम्ही उभ्यानं इतका उंच झोका घेतला की पारूमावशी ओरडायला लागली. तिच्या हातांना चिखलाचा वास होता, आणि तळव्यांना भेगा. मी विचारलं, "आक्का, हे काय गं?" तर म्हणाली, "लावणीचं हाय गं. चिखलात कुणाचं हात गुलाबी ऱ्हात्यात?" जेवताना आई तिच्या पानात दिंडं वाढतच राहिली आणि ती खातच राहिली. दोघींनाही थांबायचं नव्हतं. पण आभाळ येळ्ळूरगडावरून काळं होऊन येत होतं आणि अण्णा अंगणात उभा राहून सारखं वर बघत होता. नदी पुन्हा चढली तर सांजेला कडोली गाठता येणार नव्हती.

निघायची वेळ झाली तेव्हा बुट्टीचा प्रश्न आला. बुट्टी रिकामी आणि परात भरलेली, अशी ती वेळ. अण्णा म्हणाला, "आई, वरवंट्यानं दोन तडाखं देतो, फुटंल."

आई म्हणाली, "आज ठेचायचं न्हाय काय."

"आगं, वडी हाय ती."

"अण्णा." एवढंच म्हणाली.

आक्का म्हणाली, "ऱ्हाऊदे रं. मला काय पायजे हाय तवा?" आणि आप्पांनी, कुणीतरी काहीतरी ठरवायला पाहिजे म्हणून, ठरवलं, "वारुळासाठी ठेवलेल्या लाह्या उरल्यात न्हवं, त्या दे. गुळाचा खडा दे. घरचंच हाय. वड्या मागनं लावून देऊ." आईनं बुट्टीत लाह्या भरल्या, वर गुळाचा मोठा खडा ठेवला, नारळ आणि खण ठेवला आणि फडकं बांधलं. आक्का उंबऱ्यात थांबली. परातीकडं बघितलं, मग आईकडं.

"आई…"

"काय गं?"

"काय न्हाय. येतो मी."

गाडी वेशीकडं निघाली. आई दारात उभी होती आणि मी तिचा पदर धरून. पावसाचे पहिले थेंब धुळीत पडत होते. गाडी वळली, आक्काचा पदर दिसेनासा झाला, तरी आई तिथंच उभी होती. आप्पांनी दोनदा आत बोलावलं तेव्हा आली.

वड्या मागनं लावून द्यायच्या राहिल्याच. नदी आठवडाभर उतरली नाही आणि उतरल्यावर अण्णा निघायच्या आधीच तिकडून कासारणीच्या तोंडी निरोप आला. कडोलीच्या गल्लीत सगळ्या बायकांसमोर आक्काच्या सासूनं बुट्टीचं फडकं सोडलं आणि लाह्यांत हात घालून खालपर्यंत चाचपून बघितलं. मग म्हणाली, "लाह्या नि गुळाचा खडा! आमी करून खावं व्हय? सणाची लेक कोरडी लावत्यात आसं पैल्यांदाच बघितलं." कासारणीनं हे सासूच्या आवाजात करून दाखवलं. आईच्या हातात बांगडी चढवत होती ती. आईनं हात आखडला आणि बांगडी फुटली. कासारणीनं लगेच दुसरी काढली आणि म्हणाली की सासू तशी वाईट न्हाय, तोंडानं फटकळ हाय. असेलही.

पुढच्या वर्षी आईनं पाक केला, थापला. गोळी टण्ण वाजली होती. दुपारी तिनं हातातलं काम थांबवलं आणि मान तिरकी केली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं मलाही गाडी ऐकू आली. आई म्हणाली, "रिकामी हाय." भरल्या गाडीचा आवाज दबका असतो, रिकामी खडखडते. आणि पाक कानानं ओळखणाऱ्या बाईला एवढंही कळणार नाही? अण्णा आत आला, टोपी काढून खुंटीला लावली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "लावणी हाय म्हनं." आईनं सुरीला तूप लावलं आणि स्वतः कापायला बसली. वड्या वेड्यावाकड्या झाल्या. काठाचे तुकडे घ्यायला मला त्या वर्षी लाज वाटली, कारण सगळ्याच वड्या काठाच्या तुकड्यांसारख्या होत्या.

त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा पुन्हा गेला आणि त्याला दारात पाणीही मिळालं नाही. तेव्हा आप्पा भडकले. "पुना त्या दारात जायाचं न्हाय. लेक दिलीया, इज्जत न्हाय दिली." आप्पा भले माणूस, पण त्यांची इज्जत फार नाजूक होती, थोडा वारा लागला की खोकायची. तिकडं सासूची तशीच. मग दोन इज्जती नदीच्या दोन काठांवर बसून राहिल्या आणि मधल्या मधे एक पोरगी माहेराला मुकली. भेटी झाल्याच नाहीत असं नाही. अण्णाच्या लग्नाला आक्का आली, सासरच्या माणसांत बसली, त्यांच्याबरोबर जेवली, त्यांच्याच गाडीतून गेली. आई त्या रात्री भांडी लावताना म्हणाली, "पावणी म्हनून आलती. लेक म्हनून न्हाय आली." मला राग येतो तो याचाच. वैर असतं तर एकवार भांडून मोकळं तरी झालो असतो. हे वैर नव्हतं. नुसती एक वडी होती, न कापलेली.

माझं लग्न ठरलं, बेळगावातल्या एका शाळामास्तरांशी, तेव्हा आईनं मला पाक शिकवायला बसवलं. मी गोळी ताटलीत टाकली, बद्द वाजली, आई म्हणाली थांब. पुन्हा टाकली. आम्ही दोघीच होतो. आणि त्या गप्प बसायच्या वेळेतच आई बोलली, जिनं जन्मभर त्या वेळेत कुणाला बोलू दिलं नाही.

"गाडी वेशीतनं गेली नि माज्या ध्यानात आलं बग. परातच उचलून द्यायची हुती. हाय तशी. दुसऱ्या दिशी फोडली आसती त्यांनी तिकडं."

मी वळून बघितलं. इतकी साधी गोष्ट! एवढी माणसं घरात, एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"मग हाक का मारली न्हाईस? गाडी दिसत हुती की."

"जाणाऱ्या लेकीला मागनं हाक मारू न्हाय, चंपा. वाटंत वंगाळ हुतं. नदीला पाणी चढलेलं, आभाळ तसलं. कशी मारू?"

तेवढ्यात पाक करपला. आईनं कढई उतरवली, वास घेतला आणि म्हणाली, "घे दुसरा गूळ."

आई गेली ती चैत्रात. त्याच पावसाळ्यात स्वराज्य आलं. येळ्ळूरात चावडीवर झेंडा लागला, पोरांना साखर वाटली, आणि त्याच्या पाठोपाठ पंचमी आली. मी बेळगावहून आले होते. आईचं वर्ष फिरलं नव्हतं, त्यामुळं घरात गोडधोड करायचं नव्हतं. वहिनीनं फक्त वारुळासाठी लाह्या फोडल्या होत्या. परात घासून पुसून भिंतीला उभी टेकवली होती. आप्पा ओसरीवर बसून होते. खोकला आता आवरायची गरज उरली नव्हती.

दुपारी गाडी आली. आणायला कुणीही गेलं नव्हतं. आक्काची सासू गेल्या दिवाळीत वारली होती, घर आता आक्काच्या हातात होतं, आणि ती आपणहून, आपल्या गाडीतून, आपल्या गाडीवानाबरोबर आली होती. आदल्या दिवशी. अगदी वेळेवर. तिनं पाय धुतले आणि पूर्वीच्या सवयीनं सरळ आत आली. चूल थंड होती. ती थोडा वेळ उभी राहिली, मग आमच्या गळ्यात पडायच्या आधी परातीपाशी जाऊन खाली बसली आणि पितळेवर तळहात ठेवला. आम्ही तिघी खूप रडलो. वहिनीसुद्धा, जिनं हे सगळं नुसतं ऐकलं होतं. आप्पा आत आले नाहीत. ओसरीवरून त्यांचा खोकला तेवढा येत होता.

पंचमी झाली, आणि तिसऱ्या दिवशी ती निघाली. या वेळी तिला कुणाची घाई नव्हती, पण थांबायला काही कारणही नव्हतं. निघताना ती वहिनीला म्हणाली, "वैनी, एक मागू? न्हाय म्हनलीस तर राग न्हाय."

"मागा की, आक्का."

"ती परात."

वहिनीनं एका शब्दानंही विचारलं नाही. परात उचलून पुसली. पण भांडं रिकामं कसं द्यायचं? घरात गोड तर काहीच केलेलं नव्हतं. वहिनी आत गेली आणि जे होतं ते घेऊन आली. वारुळाच्या उरलेल्या लाह्या तिनं परातीत ओतल्या, आणि वर एक गुळाचा खडा ठेवला. ठेवला आणि तिच्याच लक्षात आलं. तिचा हात खड्यावर तसाच राहिला. मी आक्काकडं बघायचं टाळलं.

आक्का हसली. "ऱ्हाऊदे, ऱ्हाऊदे. तीच बुट्टी हाय, भांडं तेवढं बदललं." मग परातीच्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "त्या दिशी हीच मागणार हुतो मी. उंबऱ्यात तोंडात आलतं. आई म्हनून हाक पण मारली. पण आईच्या म्हायेरची एवढी एकच वस्तू. लेकीनं कशी मागायची?"

मी म्हटलं, "आईलाबी सुचलं हुतं, आक्का."

तिचं बोट थांबलं. "कवा?"

"तुझी गाडी वेशीतनं गेली तवा. दारातच उभी हुती. पण जाणाऱ्याला मागनं हाक मारू न्हाय म्हनून गप बसली."

परातीतल्या लाह्या आक्कानं हातानं सारख्या केल्या, जशा कापायच्या आधी करायची. बाहेर गाडीवान बैलांना जू घालत होता.

"मी तर वेस जाईस्तोर मागंच बघत हुतो गं," ती म्हणाली, "आई हाक मारंल म्हनून."